चार हात, एक वीत

श्रोतेहो, नमस्कार.

उजवा हात जरा समोर धरा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तो एक हात. फुलांची माळ आपण अजूनही अशीच मोजतो. आता सांगा, दावीदानं गोफणीनं लोळवलेला तो गल्याथ किती उंच होता? परंपरेनं चालत आलेलं हिब्रू बायबल सांगतं, सहा हात आणि एक वीत. म्हणजे जवळजवळ पावणेदहा फूट! त्याच बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतराची जुनी हस्तलिखितं सांगतात, चार हात आणि एक वीत. पावणेसात फूट. राक्षसाचा एक दांडगा माणूस झाला.

हे दोन हात कुठे गेले? पटकन वाटतं, भाषांतरकारानंच कापले असतील. पावणेदहा फूट त्याला पटलं नसेल. त्या माणसावर हा आरोप फार सहज होतो, आणि म्हणूनच आज मला त्याच्या बाजूनं बोलायचं आहे.

या भाषांतराला सेप्टुअजिंट म्हणतात, म्हणजे ‘सत्तर’. त्यामागची कथा ‘अरिस्टियासचं पत्र’ नावाच्या जुन्या ग्रीक लेखनात येते. इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याला अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात यहुद्यांचं धर्मशास्त्र हवं होतं. यरुशलेमहून बारा वंशांतले प्रत्येकी सहा, असे 72 विद्वान आले, फारोस बेटावर बसले आणि 72 दिवसांत काम पुरं केलं. पुढे अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो यानं त्यात भर घातली, की सर्वांनी जणू ईश्वरी प्रेरणेनं तेच ते शब्द लिहिले.

कथा गोड आहे. पण ती रचली गेली तीच मुळी शंकेखोरांची तोंडं बंद करायला, असं मला वाटतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या हम्फ्री होडीनं हे पत्र बनावट असल्याचं दाखवून दिलं. त्यातला एकच धागा सांगतो. पत्रात राजाला ही कल्पना सुचवणारा डेमेट्रियस हा त्याचा मर्जीतला माणूस आहे. प्राचीन चरित्रकार मात्र सांगतात, की गादीवर येताच याच राजानं डेमेट्रियसला दूर केलं होतं.

मग खरं काय झालं असावं? अलेक्झांड्रियातल्या यहुदी घरांत ग्रीक बोलली जात होती. नव्या पिढीला हिब्रू कळेना. इ.स.पू. तिसऱ्या शतकात आधी पहिल्या पाच ग्रंथांचं भाषांतर झालं, बाकीचं पुढच्या दीडदोन शतकांत, वेगवेगळ्या हातांनी. कुणी शब्दाला शब्द ठेवला, कुणी मोकळेपणानं लिहिलं. ईयोबाच्या ग्रंथाच्या भाषांतरकारानं तर स्वतःच बरीच कात्री चालवली असावी. सगळेच निर्दोष होते असं माझं म्हणणं नाही. पण म्हणूनच ‘सेप्टुअजिंट विश्वासार्ह आहे का’ हा प्रश्न एका दमात विचारताच येत नाही. ग्रंथागणिक, कधी ओळीगणिक विचारावा लागतो.

आता गल्याथाकडे येऊ. 1947 पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडू लागल्या. 1952 साली चौथी गुहा सापडली. तिच्यातल्या, गल्याथाची गोष्ट सांगणाऱ्या शमुवेलाच्या ग्रंथाच्या एका हिब्रू प्रतीत गल्याथाची उंची आहे... चार हात आणि एक वीत! हिब्रूमध्येच! यिर्मयाच्या ग्रंथाचंही तसंच. ग्रीक यिर्मया हिब्रूपेक्षा सुमारे एकअष्टमांशानं लहान. कुमरानला त्याच आखूड पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडे मिळाले.

म्हणजे त्या भाषांतरकारानं काही कापलं नव्हतं. समोरच्या पोथीत होतं तेच त्यानं उतरवलं होतं. फक्त ती पोथी वेगळी होती. दोन हजार वर्षांनी त्याचा साक्षीदार मिळाला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विद्वान जेरोम याला या गुहांची कल्पना असायचं कारण नव्हतं. बेथलेहेममध्ये बसून तो ग्रीकला वळसा घालत थेट हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करत होता. ते उत्तर आफ्रिकेतल्या ओएया गावी, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, चर्चमध्ये वाचलं गेलं आणि गोंधळ उडाला. बायबलमधल्या योना या संदेष्ट्यावर सावली धरणाऱ्या झाडाचं नाव बदललं होतं! पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेला भोपळ्याचा वेल गेला कुठे? लोक इतके भडकले, की बिशपला आपली मंडळी टिकवण्यासाठी शब्द दुरुस्त करावा लागला. उत्तर आफ्रिकेतलाच दुसरा बिशप ऑगस्टिन यानं 403 साली जेरोमला पत्रातून हे कळवलं.

जेरोमचं उत्तर वाचताना त्याची अडचण दिसते. तो म्हणतो, हे रुंद पानांचं झाड आहे. भराभर वाढतं आणि आधाराशिवाय आपल्याच बुंध्यावर उभं राहतं. हिब्रू शब्द तसाच ठेवला असता तर कुणाला कळला नसता. भोपळा म्हटलं असतं तर मुळात नसलेलं लिहिलं असतं. म्हणून आधीच्या इतर भाषांतरकारांप्रमाणे त्यानं ‘आयव्ही’ लिहिलं, आणि तीही वेलच.

त्या वर्णनावरून बरेच अभ्यासक ते झाड ओळखतात. आपल्याकडे शेताच्या बांधावर उभा असतो, तो एरंड.