रात्रपाळीची वर्षं मोजा

नमस्कार श्रोतेहो. बांबोळीच्या वॉर्डात, वेर्ण्याच्या कारखान्यात, हॉटेलच्या काउंटरवर रात्र जागणाऱ्या बायांनो, एक आकडा मनात धरा: रात्रपाळीची एकूण वर्षं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2023च्या अहवालात मधुमेहाचं प्रमाण गोव्यात 26.4 टक्के आहे, देशात सगळ्यांत जास्त. आणि रात्रपाळीची वर्षं वाढली की हा धोकाही वाढतो, म्हणून हे सांगणं.

या आकड्याची गोष्ट मला फार आवडते. 1976 साली अमेरिकेत 1 लाख 21 हजारांवर परिचारिकांनी टपालानं आलेला एक फॉर्म भरला. विषय होता गर्भनिरोधक गोळ्यांचा. परिचारिकाच का? त्या आजाराचं नाव नेमकं लिहितात. पुढे दर दोन वर्षांनी फॉर्म येत राहिला आणि त्या भरत राहिल्या. एकदा पायाची नखं मागितली, तर 60 हजारांहून जास्त जणींनी कापून पाकिटातून धाडली! 1988 मध्ये फॉर्मात प्रश्न आला: महिन्यात निदान 3 रात्री, अशी पाळी किती वर्षं केली? या बायका आणि 1989 पासूनचा तरुण परिचारिकांचा दुसरा गट, दोन्हींचा हिशेब 2011 साली छापून आला. रात्रपाळी कधीच न केलेल्यांपेक्षा टाइप 2 मधुमेहाचा धोका 10 ते 19 वर्षंवाल्यांना 40 टक्के जास्त, 20 वर्षांपुढे 58 टक्के. वाढलेलं वजन हिशेबातून काढलं तरी 20 वर्षांपुढे 24 टक्के उरतातच. (आपल्याकडे कंत्राटी सिस्टरला सलग रात्रींनंतर पूर्ण सुट्टी मिळालीच पाहिजे, हे माझं ठाम मत.)

रात्री मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं, इन्सुलिन कमी सुटतं. तोच भात रात्री 2 वाजता खाल्ला तर साखर दुपारपेक्षा जास्त चढते. तोच भात, रात्री साखर जास्त. म्हणून पोटभर जेवण ड्युटीला निघण्याआधी. मध्यरात्रीनंतर भूक लागलीच तर मूठभर चणे, उकडलेलं अंडं, ताक. सकाळी पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोई घ्या, पण कोंड्याचीच. मैद्याच्या पोईला पोई म्हणूच नये.

आता चाचणी. पहाटे 4 ला साखरेचा चहा, 8 ला ड्युटी सुटली की वाटेवरच्या लॅबमध्ये 'फास्टिंग'. हा उपास चार तासांचा झाला, हवेत किमान 8. सुट्टीच्या दिवशी, रात्रभर झोपून उठल्यावर रक्त द्या. नाहीतर एचबीएवनसी करा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी; त्याला उपास लागत नाही. 5.7 ते 6.4 आलं तर मधुमेह उंबरठ्यावर आहे, 6.5 किंवा वर आलं तर डॉक्टर पुन्हा तपासून पक्कं करतात. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा उगाच वर दिसतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिनही करा.

रिपोर्ट दाखवायला जाताना कागदावर दोन गोष्टी लिहून न्या: गरोदरपणी साखर वाढली होती का, आणि रात्रपाळीची वर्षं किती.