पॉइंट पॅनिक : वाळू नाही, बोर्ड नाही, फक्त माणूस आणि लाट

या व्हिडिओत हे जे समोर दिसतंय ना, ते होनोलुलू, हवाईचं मुख्य शहर. हवाई म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पांढरी वाळू, नारळाची झाडं, रंगीत छत्र्या येतात, तसलं इथे काहीच नाहीये. इथे दगड आहेत, मोठमोठे, काळपट, एकावर एक रचलेले, त्यांच्या वर सिमेंटचा लांबलचक फुटपाथ, फुटपाथच्या मागे गवताच्या हिरव्या टेकड्या आणि त्यांच्या मागे रस्त्यापलीकडे काचेचे टॉवर. या पार्कचं नाव काकाआको वॉटरफ्रंट पार्क. आणि पार्कच्या टोकाला, केवालो बेसिन नावाचं छोटं बंदर आहे त्याच्या तोंडाशी, जी लाट फुटते तिला म्हणतात पॉइंट पॅनिक. लोकल मंडळी नुसतं पॅनिक्स म्हणतात.

आता जरा पाण्याकडे बघा. ती काळी डोकी दिसतायत, दहा-बारा असतील, नुसती डोकी वरखाली होतायत. कुणाकडेही बोर्ड नाही. बोर्ड आणायला इथे बंदीच आहे, सर्फबोर्ड नाही आणि ते छोटे पोटावर झोपून चालवायचे बूगी बोर्डही नाहीत, ही लाट राज्याच्या नियमाने फक्त बॉडीसर्फिंगवाल्यांसाठी राखून ठेवलीये. पायात फिन्स, म्हणजे बदकाच्या पायासारखे रबरी पंजे, घालायच्या आणि अंगाने लाटेवर घसरत जायचं, बस. सर्फिंगचं माहेर असलेल्या या बेटावर, जिथे एकेका लाटेवर बोर्डवाल्यांची झुंबड असते, तिथे एक चांगली लाट बोर्डाशिवाय येणाऱ्यांसाठी बाजूला काढून ठेवणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. कारण बोर्डवाला लांबूनच लाट पकडतो, त्याला वेग असतो, उभा असल्यामुळे दिसतं पण जास्त, बॉडीसर्फरला त्याच्या शेजारी काही चान्सच राहत नाही, आणि वर तो बोर्ड डोक्यात बसला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

हवाईत अंगाने लाटेवर घसरायची रीत खूप जुनी आहे, हवाईयन भाषेत त्याला काहा नालू म्हणतात, बोर्डाच्या सर्फिंगइतकंच ते इथल्या लोकांच्या रक्तात आहे. बराक ओबामा याच शहरात जन्मले आणि वाढले, ते 2008 मध्ये निवडणुकीच्या ऐन धामधुमीत सुट्टीला इथे आले होते तेव्हा याच बेटावरच्या सँडी बीचला त्यांनी बॉडीसर्फिंग केलं, ते फोटो जगभर गाजले. पण सँडी बीच वेगळा. तिथे लाट थेट किनाऱ्याच्या वाळूवर आपटते आणि माणसं मान मोडून घेतात. पॅनिक्सला लाट खडकाळ रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या उथळ खडकावर फुटते, लांब आणि स्वच्छ फुटते, लाटेवरच्या माणसाच्या उजवीकडे सरकत जाते, आणि शेवट होतो तो या दगडांच्या बांधापाशी.

म्हणजे तुम्ही जी लाट पकडली ती तुम्हाला मजेत घेऊन चाललीये आणि समोरून भिंत येतेय. वेळेवर बाहेर पडायचं, हाच इथला खेळ.

तो बघा, मघापासून तो माणूस दगडावर उभाय, केस सगळे पांढरे झालेत, फिन्स हातात आहेत आणि तो नुसता समुद्राकडे बघतोय. घाई नाही. लाटा इथे झुंडीने येतात, त्याला सेट म्हणतात, चार-पाच मोठ्या एकामागोमाग एक, मग जरा शांत, मग परत चार-पाच. तो आधीचा सेट जाऊ देतोय. खालच्या दगडावर शेवाळ आहे, तिथे पाय ठेवला की गेलाच, म्हणून तो वरच्या कोरड्या दगडावर बसला, एक फिन घातली, दुसरी घातली, पट्टा ओढून बघितला, आणि आता तसाच बसून बसून खाली सरकतोय. लाट आली, दगडांमध्ये पाणी चढलं, त्याच्या कमरेपर्यंत आलं, अजून थांबला, पाणी मागे फिरायला लागलं आणि त्या परतीच्या पाण्याबरोबर तो सपकन आत. एकदाही हात-पाय न मारता तो बांधापासून पंधरा-वीस फूट लांब गेला, समुद्रानेच त्याला नेलं. परत येताना याच्या उलट, पाणी चढतं तेव्हा त्याच्याबरोबर यायचं, दगड धरायचा आणि पाणी उतरायच्या आत वर सरकायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात अर्धा सेकंद चुकला की गुडघे सोलवटून निघतात, शिवाय इथे दगडांच्या फटीत लांब काट्यांचे समुद्री साही असतात, काटा पायात मोडला की कित्येक दिवस ठणकतो.

आता लाट पकडायची कशी ते बघू. हाच शॉट हळू करून दाखवते. मागून लाट उचलायला लागली की तो जोरात पाय मारतो, फिन्स त्यासाठीच, कारण माणसाला लाटेच्या वेगाच्या जवळपास यायला लागतं नाहीतर ती खालून निघून जाते. लाट उभी झाली की एक हात पुढे लांब, तळवा सपाट, दुसरा हात अंगाला लावलेला, मान ताठ आणि छाती पाण्यावर दाबलेली. अख्खं अंग फळीसारखं कडक करायचं. वजन सगळं छातीवर आणि पुढच्या तळहातावर, वळायचं ते खांदा दाबून. हे बघा, आता तो थेट किनाऱ्याकडे येत नाहीये, लाटेच्या पोटातून आडवा चाललाय, उजवीकडे, डोक्यावरून पाण्याचा पडदा येतोय, डोकं गेलं, हात दिसतोय फक्त, परत डोकं आलं. आणि आता बांध जवळ आला, तर त्याने काय केलं, पुढचा हात खाली खुपसला आणि लाटेच्या आत सूर मारला, लाट वरून निघून गेली आणि तो मागच्या बाजूने बाहेर आला. लाट गेली दगडांवर आपटायला. तो परत लाइनीत, म्हणजे बाकीचे लाटेची वाट बघत तरंगतायत तिथे.

काहीजण तर लाट पाण्याखालूनच पकडतात, डॉल्फिनसारखे. लाट येते, हा बुडी मारतो, तळाजवळून लाटेबरोबर वेग घेतो आणि लाटेच्या तोंडातूनच बाहेर फुटतो. पाण्यावर कुणी नसतं आणि एकदम लाटेतून माणूस येतो. हे बघताना माझ्या तोंडून आपोआप अरे बापरे निघालं, ते ऑडिओत आलंय, मी मुद्दाम कापलेलं नाही.

आणि तो जो दुसरा आवाज येतोय ना, धप्प करून, ती परत फिरणारी लाट आहे. दगडांवर आपटलेलं पाणी उलटं समुद्राकडे जातं आणि येणाऱ्या लाटेला भिडतं, दोन्ही मिळून पाणी सरळ वर उडतं. इथले नेहमीचे लोक त्याचाही अंदाज ठेवतात, नवख्या माणसाला ते कळतच नाही.

या लाटा येतात कुठून, तर खूप लांबून. होनोलुलूच्या या दक्षिण किनाऱ्याचा सीझन उन्हाळा, साधारण मे ते सप्टेंबर. तेव्हा खाली दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो, न्यूझीलंडच्या आसपासच्या समुद्रात मोठी वादळं होतात, आणि तिथे उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर पार करून जवळपास आठवड्याने इथे पोचतात. इथे आकाश निरभ्र, वारा मंद, आणि तरी मोठमोठे सेट येत असतात, कारण वादळ आठवड्यापूर्वी आणि अर्ध्या महासागरापलीकडे होऊन गेलेलं असतं. अजून एक, इथले लोक लाटेची उंची मागून मोजतात, त्यामुळे कुणी म्हणाला ना की आज तीन फूट आहे, तर पुढून ती लाट पाच-सहा फुटांची भिंत असते. आपण आपला हिशोब लावून उतरायला जाऊ नये.

आता या टेकड्यांकडे वळू, कारण खरी गोष्ट इथे आहे. या टेकड्या खऱ्या टेकड्या नाहीत, कचरा आहे. काकाआको म्हणजे पूर्वी मिठागरं, मासे पाळायची तळी, दलदल आणि पुढे उथळ रीफ. 20व्या शतकात शहराने इथे कचरा जाळायच्या भट्ट्या उभ्या केल्या आणि ती राख, तो कचरा, सगळं रीफवर बांध घालून त्याच्या मागे टाकत गेले. भराव टाकून समुद्र मागे हटवणं मुंबईकराला नवीन नाही, आपलं अर्धं शहर तसंच झालंय, पण इथे भराव मुख्यतः शहराच्या कचऱ्याचा. नंतर डम्पिंग बंद झालं, वर माती पडली, गवत लागलं आणि 1992 मध्ये पार्क सुरू झालं. ती जवळची इमारत दिसतेय का, ती एक जुनी कचरा भट्टी, तिथे आता लहान मुलांचं म्युझियम आहे. आणि गवतावर ती पोरं पुठ्ठ्याचे तुकडे बुडाखाली घेऊन घसरतायत, वरून खाली, परत वर, कितीतरी वेळ चाललंय त्यांचं.

याच एका टेकडीवर ग्रॅनाइटचं एक स्मारक आहे. 9 फेब्रुवारी 2001 ला इथून दक्षिणेला समुद्रात एहिमे मारू नावाचं जपानी ट्रेनिंग जहाज, उवाजिमाच्या मत्स्यशाळेतली मुलं त्यावर होती, अमेरिकेच्या ग्रीनविल पाणबुडीने खालून वर येताना धडकून बुडवलं. 35 जण होते, 26 वाचले, 9 गेले, त्यातले 4 विद्यार्थी. बरोबर एक वर्षाने स्मारक झालं. लोक अजून येतात, कागदाचे क्रौंच पक्षी ठेवून जातात. मी तिथे कॅमेरा बंद ठेवला, एवढं सांगून पुढे जाते.

तर पार्क झालं, पण त्याच्या आजूबाजूची समुद्राकडची जमीन म्हणजे सोन्याची खाण. रस्त्याच्या पलीकडे टॉवर उभे राहतायत ते बघतोच आहोत आपण. 2005 मध्ये रस्त्याच्या अलीकडे, म्हणजे या समुद्राच्या बाजूला, फ्लॅटचे टॉवर उभे करायचा प्लॅन पुढे आला. आणि मग लोक उठले. सर्फर, बॉडीसर्फर, मासे धरणारे, रोज फिरायला येणारे, सगळे टीशर्ट घालून विधिमंडळावर गेले, आणि 2006 मध्ये कायदाच झाला, आला मोआना बुलेव्हार्ड, म्हणजे हाच रस्ता, त्याच्या समुद्राकडच्या बाजूला काकाआकोमध्ये राहायच्या इमारती नकोत. ज्यांच्याकडे फिन्सच्या जोडीपलीकडे काही नाही अशा लोकांनी बिल्डरचा प्लॅन मागे घ्यायला लावला, हे मला या जागेबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं होतं, लाट वगैरे सगळं त्याच्या नंतर.

पण तेवढ्यावर हे संपलेलं नाही. 2012 मध्ये हवाई राज्याने जुन्या देण्याच्या बदल्यात इथली सुमारे 30 एकर जमीन ऑफिस ऑफ हवाईयन अफेअर्सला दिली, मूळ हवाईयन लोकांच्या कल्याणासाठी काम करणारी ही संस्था, आणि जमिनीची किंमत धरली 20 कोटी डॉलर. आता संस्थेचं म्हणणं, आम्हाला दिलेल्या जमिनीवर आम्हालाच घरं बांधायची बंदी असेल तर तेवढी किंमत आम्ही वसूल कशी करायची, आणि त्यातून येणारा पैसा शेवटी ज्यांची ही बेटं मुळात होती त्यांच्याच कामी येणार. त्यांच्या बोलण्यात दम आहे, तो उडवून लावण्यासारखा नाही. यावरून विधिमंडळात पुन्हा पुन्हा वाद होतोय. माझं स्वतःचं मत विचाराल तर मोबदला द्यावा, पूर्ण द्यावा, पण दुसऱ्या रीतीने द्यावा, कारण एकदा इथे टॉवर आले की खाली पार्किंग त्यांचं होणार, गेट येणार, सिक्युरिटीवाला येणार, आणि कायद्याने किनारा सगळ्यांचा असला तरी तिथपर्यंत पोचायची वाट बारीक होत जाते. हे आपण आपल्याकडेही बघतोच की.

शेवटी जायचं असेल त्यांच्यासाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. पोहता येतं म्हणजे इथे उतरता येतं असं नाही, खरंच सांगते, ही लाट शिकायची जागा नाही. शिकायचं असेल तर वायकिकीला वाळूच्या किनाऱ्यावर छोट्या लाटांवर शिका. इथे उतरणारच असाल तर आधी बराच वेळ दगडांवर बसून लोक कुठून आत जातायत आणि कुठून बाहेर येतायत ते बघा, आत गेल्यावर लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्याच्या जवळ जो असेल त्याची ती लाट, मध्ये घुसायचं नाही. जोराचा पाऊस झाला असेल तर पाणी गढूळ होतं, शहराचं सगळं वाहून समुद्रात येतं, त्या दिवशी नकोच. आणि पौर्णिमा होऊन आठ-दहा दिवस झाले की या दक्षिण किनाऱ्याला बॉक्स जेलीफिश येतात, म्हणजे आपल्या हिशोबाने वद्य अष्टमी ते दशमी, डंख फार वाईट असतो, हॉस्पिटलला न्यावं लागतं कधी कधी. आपल्या कोळीवाड्यात तिथी बघून होड्या काढतात, तशी इथे तिथी बघून फिन्स काढायच्या.

बघायलाच जाणार असाल तर फुटपाथच्या पूर्व टोकाला, बंदराच्या बाजूला बसा, तिथून लाट अगदी समोरून दिसते आणि माणूस लाटेतून बाहेर येताना त्याचं तोंड तुमच्याकडे असतं. ऑफिस सुटायच्या वेळी जा, साडेचार-पाचला, तेव्हा रोजचे लोक येतात.