माळ्यावरचं मशीन

अध्यक्ष, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘झोपेतला श्वासरोध : उपचारांचे पर्याय’. पर्याय सगळे सांगणार आहे, काळजी नको. पण आधी एक पाहणी करू. घरात सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मुखवट्यातून नाकात हवा फुंकणारं यंत्र, आहे अशांनी हात वर करा. लाजू नका, इथे सगळे घोरणारेच आहेत. बरं. आता काल रात्री ते लावून जे झोपले, त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) दोन राहिले. आणि त्यातल्या एका काकांचा हात काकूंनी धरून ठेवलाय.

या सभागृहाला आजार समजावून सांगायची गरज नाही, तरी दोन वाक्यांत सांगते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा मार्ग इतका अरुंद असतो की जीभ आणि टाळू मागे येऊन तो बंदच होतो. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू दचकून अर्धवट जागा होतो आणि मोठ्ठा घुरका येतो. 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की तो एक मोजायचा. श्वास नुसताच उथळ होऊन ऑक्सिजन उतरला तर तेही मोजतात. तासाला असे 5 पर्यंत असतील तर चालतं, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. तीव्र माणूस रात्रभर झोपतो आणि सकाळी हमाली करून आल्यासारखा उठतो. 2022 च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले आणि त्यांच्या डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं. तेव्हा महिनाभर माझ्या दवाखान्यात घोरणाऱ्यांची रांग होती. महिना संपला, रांगही संपली.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, नाहीतर राहील. हा पुरुषांचा आजार आहे असं समजू नका. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही तो चांगलाच वाढतो. फरक एवढाच, की नवरा घोरतो तेव्हा बायको दवाखान्यात घेऊन येते, आणि बायको घोरते तेव्हा नवरा दुसऱ्या खोलीत जाऊन झोपतो. (हशा) शिवाय बायका ‘घोरते’ म्हणत नाहीत. ‘थकवा येतो, डोकं दुखतं, झोप लागत नाही’ म्हणतात, आणि त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात.

आता मशीनकडे येते. 1980 पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडायचं. श्वासनळीत नळी घालायची, दिवसा ती बुचाने बंद ठेवायची आणि रात्री उघडायची. इलाज उत्तम लागू पडायचा, फक्त कुणाला तो नको असायचा. सिडनीत कॉलिन सलिव्हन नावाचे डॉक्टर झोपेतल्या श्वासावर काम करत होते. आधी त्यांनी टोरांटोत कुत्र्यांवर प्रयोग केले होते, त्यामुळे नाकाला घट्ट बसणारा मुखवटा बनवण्याचा हात त्यांना होता. 1980 साली त्यांच्याकडे एक तीव्र आजाराचा रुग्ण आला. गळ्याला भोक पाडून घ्यायला तो तयार नव्हता. सलिव्हननी व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी लावली, म्हणजे ओढायच्या ऐवजी फुंकायला, आणि ती हवा नळीने त्याच्या नाकात सोडली. दाब वाढवला तसं घोरणं थांबलं, श्वास सरळ सुरू झाला. घशाच्या भिंती हवेच्या दाबाने उघड्या राहतात, बाकी काही जादू नाही. 1981 मध्ये पाच रुग्णांचा अहवाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सुरुवातीचे मुखवटे चेहऱ्याला चक्क चिकटवावे लागायचे. आजचं मशीन आवाज करत नाही, बुटांच्या खोक्यापेक्षा लहान आहे, दाब स्वतःच कमीजास्त करतं. एवढी प्रगती झाली आणि तरी ते माळ्यावर पडलेलं असतं.

माझी तक्रार इथे आहे, आणि आज ती मी सविस्तर करणार आहे. अध्यक्षांनी घड्याळ बघू नये.

पद्धत काय आहे? निदान होतं, कागदावर लिहिलं जातं, ‘सीपॅप’. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा मुलगा डबा घेऊन घरी येतो. प्लग लावतो, बटण दाबून दाखवतो, सोफ्यावर बसवून मुखवटा चढवतो, ‘झालं काका’ म्हणतो आणि 30-40 हजार घेऊन जातो. डॉक्टर बोलावतात तीन महिन्यांनी. हे मशीन सुटतं ते पहिल्या पंधरा दिवसांत, आणि नेमके त्या पंधरा दिवसांत माणसाजवळ कुणी नसतं. चष्मा टोचला तर आपण दुकानात परत जातो, दांडी वाकवून घेतो. मुखवटा टोचला तर माणूस म्हणतो, ‘मला हे मानवत नाही.’ आणि मशीन माळ्यावर जातं. मग मुलाचं लग्न, रंगकाम, दिवाळीची झाडलोट. त्यात कधीतरी ते खाली येतं आणि पुसून परत वर जातं.

असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले. साखर कारखान्यात चिटबॉय होते, आता निवृत्त. तासाला पन्नासच्या वर श्वास अडकायचा. बरोबर पत्नी होत्या आणि पिशवीत मशीन. मी विचारलं, लावता का? म्हणाले, रोज. या मशीनमध्ये एक छोटं कार्ड असतं, ते सगळं टिपून ठेवतं. किती वाजता लावलं, किती वाजता काढलं, हवा किती गळली. कार्ड लॅपटॉपला लावलं. रोज लावत होते हे खरं, पण पाऊण तास. मामींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, हे तोंडाला ते लावून बसले की वाटतं द्राक्षावर औषध मारायला निघालेत. मलाच झोप येत नाही.’

त्यांच्या नाकाच्या दांड्यावर जखम होती आणि डोळे लाल. मी त्यांना तपासणीच्या टेबलावर आडवं केलं, मुखवटा चढवला आणि मशीन सुरू केलं. बसलेल्या माणसाचा चेहरा वेगळा आणि आडव्या झालेल्याचा वेगळा. आडवं झालं की गाल कानाकडे ओघळतात आणि रबराची कड उचलली जाते. हवा थेट डोळ्याच्या कोपऱ्यात येत होती. गळती थांबवायला ते पट्टा आवळत होते, आवळला की नाक सोलत होतं, आणि नाक सोललं की पाऊण तासात काढून ठेवत होते. मुखवटा एक माप मोठा होता. एवढंच! वरून झोपताना डोक्याला खोबरेल तेल आणि नाकाखाली बाम. तेलकट कातडीवर सिलिकॉन टिकतच नाही. मग मिशीचा प्रश्न. मिशी कारखान्यात असल्यापासूनची होती, तिच्याबद्दल बोलायची माझी हिंमत झाली नाही. नाकपुड्यांत टेकणाऱ्या लहान उशांचा मुखवटा दिला, मिशी वाचली. हवा दमट करायला मशीनला पाण्याची छोटी टाकी असते, ती उघडली तर आत पांढरा थर, कारण बोअरचं पाणी भरत होते. ऊर्ध्वपातित पाणी भरा, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालता ते. आणि टाकी रोज धुवा.

तोंड उघडून झोपणाऱ्यांचा प्रकार वेगळा. नाकातून दिलेली हवा तोंडातून निघून जाते आणि सकाळी घसा कोरडा ठणठणीत. त्यांना नाक-तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा. ‘लाइट गेले तर गुदमरणार नाही का?’ हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. नाही गुदमरणार. मुखवट्याला भोकं असतात, तोंड झाकणाऱ्याला वेगळी झडपही असते. मशीन बंद पडलं की तुम्ही पूर्वीसारखे घोरायला लागाल, इतकंच. भारनियमनाच्या गावात बॅटरीची सोय करून घ्या.

हे सगळं गृहकृत्य वाटेल, पण यावर मोठं संशोधन अडकलेलं आहे. 2016 मध्ये ‘सेव्ह’ नावाच्या चाचणीचा निकाल आला. हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले 2,700 हून जास्त रुग्ण होते. प्रश्न असा की सीपॅपने पुढचे झटके टळतात का? उत्तर आलं, नाही. सगळीकडे बातमी झाली, ‘मशीन निरुपयोगी’. बातमीत आलं नाही ते हे, की त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी 3.3 तास वापरलं होतं. झोप आणि मूड मात्र तेवढ्यातही सुधारले होते. पूर्ण रात्र वापरलं असतं तर झटके टळले असते, असा दावा मी करणार नाही, तो सिद्ध झालेला नाही. पण अर्धी गोळी खाऊन औषधाची परीक्षा घेऊ नये, एवढं तरी मान्य करा. अमेरिकेत विमा चालू ठेवायला रात्री किमान 4 तास, महिन्यातल्या 70 टक्के रात्री वापरल्याचा पुरावा मागतात. आपल्याकडे बऱ्याच पॉलिसी मशीनचे पैसेच देत नाहीत, त्यामुळे कुणी काही मागत नाही. पुढे झटका येऊन अतिदक्षता विभागात गेलात तर मात्र देतात.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अक्षर अध्यक्षांचंच आहे. (हशा) बरं, आता पर्याय. पळत पळत सांगते, कुणी लिहून घेत असेल तर घ्या.

वजन. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं लोकांवर लक्ष ठेवून 2000 साली मांडलेलं गणित असं, की वजन 10 टक्के घटलं तर श्वास अडकण्याचं प्रमाण साधारण 26 टक्के घटतं, आणि 10 टक्के वाढलं तर 32 टक्के वाढतं. बारीक माणसालाही हा आजार होतो, लहान जबडा आणि मोठे टॉन्सिल असले की पुरे. तेव्हा ‘मी कुठे जाड आहे’ म्हणून सुटका नाही.

कूस. काहींचा श्वास फक्त उताणं झोपल्यावर अडकतो. पूर्वी सदऱ्याच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवायचे, अजून चालतो. झोपण्यापूर्वीची दारू बंद. झोपेच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, त्यांनी घसा आणखी सैल पडू शकतो.

दातांचं उपकरण. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी दोन चौकटींची पट्टी, रात्री तोंडात घालायची. सौम्य आणि मध्यम आजारात चांगली, आणि मशीन अजिबात न मानवणाऱ्यांनाही देतात. मापाची करून घ्यावी लागते, त्यातला जाणकार दंतवैद्य हवा. संपूर्ण कवळी असेल तर ती धरायला दातच नसतात, त्यामुळे बहुधा जमत नाही.

शस्त्रक्रिया. लहान मुलगा घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर आधी टॉन्सिल आणि नाकामागची गाठ, म्हणजे ॲडेनॉइड, दाखवा. मुलांमध्ये ते काढणं हा पहिला इलाज आहे. मोठ्यांमध्ये पडजीभ आणि टाळूची शस्त्रक्रिया 1981 मध्येच जपानी सर्जन फुजिता यांनी अमेरिकेत सुरू केली. घोरणं कमी होतं, श्वास अडकणं प्रत्येकाचं थांबत नाही. म्हणून ऑपरेशननंतर झोपेची तपासणी पुन्हा करा, आवाज थांबला म्हणजे आजार गेला असं नाही. वरचा-खालचा जबडा कापून पुढे सरकवण्याची शस्त्रक्रिया सगळ्यात प्रभावी आणि सगळ्यात मोठी. नाकाचं हाड सरळ केल्याने आजार सहसा जात नाही, पण मशीन सोसायला सोपं जातं, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

जिभेच्या नसेला चेतना देणारं यंत्र. पेसमेकरसारखं छातीत कातडीखाली बसवतात, श्वासागणिक जीभ पुढे ढकलतं. 2014 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. 126 रुग्णांच्या चाचणीत तासाला श्वास अडकण्याचं प्रमाण सुमारे 29 वरून वर्षभरात 9 वर आलं. निवडक रुग्णांसाठी आहे आणि खर्च ऐकून झोप उडेल.

औषध. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेने टिर्झेपाटाइड या आठवड्याच्या इंजेक्शनला लठ्ठ रुग्णांच्या मध्यम आणि तीव्र आजारासाठी मान्यता दिली, या आजारावरचं हे पहिलंच औषध. वर्षभराच्या चाचण्यांत तासाला 25 ते 29 अडथळे कमी झाले, मुख्यतः वजन उतरल्यामुळे. आपल्याकडे ते 2025 च्या मार्चमध्ये मधुमेह आणि लठ्ठपणासाठी आलं. शेजाऱ्याचं पाहून टोचून घेऊ नका. आणि इंजेक्शन सुरू केलं म्हणून दुसऱ्याच दिवशी सीपॅप बंद करू नका.

शंख! शंखाचं राहिलं, आणि तुम्ही त्यासाठीच आलात हे मला माहीत आहे. 2006 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये 25 लोकांवर डिजरिडू या ऑस्ट्रेलियन वाद्याचा प्रयोग झाला. वाजवणाऱ्यांचा आजार खरंच कमी झाला. त्यांना 2017 मध्ये विनोदी संशोधनाचं इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं, बहुतेक बायकांच्या वतीने. (हशा) मग 2025 मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी मध्यम आजाराच्या 30 जणांवर शंखाची चाचणी छापली. निम्मे शंख फुंकत होते, निम्मे नुसता दीर्घ श्वसन करत होते. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला किमान 15 मिनिटं, सहा महिने. शंखवाल्यांची दिवसाची पेंग 34 टक्के कमी झाली, तासाला चार-पाच अडथळे घटले. घशाचे स्नायू कमावले जात असावेत. छोटा अभ्यास आहे, पण खोटा नाही. तासाला 18 वेळा अडकणाऱ्याने जरूर फुंकावा. पन्नास वेळा अडकणाऱ्याचे पाच गेले तर पंचेचाळीस उरतात, त्याने पूजा झाल्यावर मशीनही लावावं.

दुसरी चिठ्ठी आली, थांबते. ज्यांची मशीनं घरी पडून आहेत त्यांनी येताना मशीन, मुखवटा आणि ते कार्ड आणा, नुसती फाइल नको. आणि रात्री शेजारी झोपणारं माणूस बरोबर आणा, खरं तेच सांगतं. प्रश्न बाहेर चहाच्या टेबलापाशी विचारा.