अडतीसाव्या वर्षी

२ ऑक्टोबर १९८०, लास वेगास. बॉक्सिंग रिंगच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलाय तो मुहम्मद अली. केस काळे केलेत, पोट आत गेलंय, लांबून बघितलं तर वाटतं गडी दहा वर्षांनी तरुण झाला. पण ते वजन थायरॉइडच्या गोळ्या घेऊन उतरवलेलं आणि अंगात त्राण उरलेलं नाही. समोर लॅरी होम्स, एकेकाळचा त्याचाच स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावातला जोडीदार. होम्स मारतोय आणि मधेच रेफरीकडे बघतोय, थांबवा हो आता. दहा राऊंड झाले, तिन्ही जजेसनी एकही राऊंड अलीला दिला नाही. शेवटी ट्रेनर अँजेलो डंडीने फाईट थांबवली, बाजूला अलीच्याच टीममधला बंडिनी ब्राऊन डंडीचा स्वेटर धरून अजून एक राऊंड मागत होता, डंडीने ऐकलं नाही. फार बरं केलं त्याने.

अली तेव्हा ३८ वर्षांचा होता.

हा आकडा लक्षात ठेवा. जानेवारी १९८८, अटलांटिक सिटी. चॅम्पियन माइक टायसन २१ वर्षांचा, आणि समोर रिटायरमेंट सोडून परत आलेला होम्स. चौथ्या राऊंडला होम्स आडवा. त्याचं वय? ३८. आणि अली ते सगळं तिथेच बसून बघत होता. मग टायसनची पाळी. जुलै २००४, डॅनी विल्यम्सविरुद्ध पहिल्याच राऊंडला गुडघा गेला, चौथ्याला नॉकआऊट. पुढच्या जूनमध्ये केविन मॅकब्राइड, सहावा राऊंड संपताना टायसन रिंगमध्ये खाली बसूनच राहिला, पाय पसरून, आणि सातव्याला आलाच नाही. दोन्ही वेळी वय ३८.

म्हणून ग्रेटेस्ट कोण असा वाद निघाला की मी आधी विचारतो, कितव्या वर्षीचा? कारण बॉक्सरचे आधी पाय जातात. डोळ्याला ठोसा दिसतो, डोकं म्हणतं बाजूला हो, पण अंग अर्धा क्षण उशिरा हलतं आणि तेवढ्यात तो लागलेला असतो. हातातला दणका मात्र सगळ्यात शेवटी जातो. जुना चॅम्पियन जॉर्ज फोरमन बघा. नोव्हेंबर १९९४, वय ४५, १९७४ मध्ये आफ्रिकेत किन्शासाला अलीकडून हरला तेव्हाची तीच लाल चड्डी घातलेली, आणि यावेळी डंडी त्याच्या कोपऱ्यात! नऊ राऊंड मार खाल्ला, पॉइंट्सवर मागे होता, दहाव्याला एक सरळ उजवा आणि २६ वर्षांचा चॅम्पियन मायकल मूरर खाली. मला ती फाईट कितीही वेळा बघितली तरी अंगावर काटा येतो. पण फोरमन कधी पायांवर खेळलाच नव्हता, म्हणून त्याला ते जमलं.

अलीचं सगळं पायांवर होतं. ते थकले तसा तो दोरांना टेकून मार झेलायला लागला, किन्शासाला, मग १९७५ मध्ये मनिलाला चौदा राऊंड जो फ्रेझरचे हुक, म्हणजे बाजूने वळून येणारे ठोसे, त्यातून तो जिंकला पण त्या विजयांची किंमत शरीराने मोजली, १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. ब्रिटिश हेवीवेट चॅम्पियन लेनॉक्स लुईस शहाणा. २००३ मध्ये व्हिटाली क्लिच्कोच्या डोळ्यावर खोल जखम झाली म्हणून फाईट थांबली, थांबली तेव्हा क्लिच्को पॉइंट्सवर पुढे होता, सगळे रीमॅच मागत होते, लुईस चॅम्पियन असतानाच बाहेर पडला. तोही ३८ चा.

माझ्यासाठी ग्रेटेस्ट अलीच, पण नोव्हेंबर १९६६ चा, ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्ससमोरचा, वय २४. तीनच राऊंड आहेत. हात बघू नका, पाय बघा, मागे सरकता सरकता मारतोय. चार महिन्यांनी झोरा फॉलीशी फाईट, आणि मग व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून टायटल काढून घेतलं, लायसन्स गेलं. पुढची फाईट थेट ऑक्टोबर १९७० ला. त्या मधल्या साडेतीन वर्षांतल्या, पंचवीस ते अठ्ठावीस वयाच्या अलीचं, रिंगमधल्या खऱ्या फाईटचं, एक मिनिटाचंसुद्धा फुटेज नाही.