वजा करून उरतो तो स्ट्रेस

पोलादी तार हलकेच वाकवून सोडली, की सरळ होते. आता जोर लावून काटकोनात वाकवा. सोडल्यावर थोडी मागे येते, आणि तशीच वाकडी राहते. विकृती म्हणजे आकारातला बदल: मागे आली ती लवचिक विकृती, राहिली ती प्लास्टिक. या प्लास्टिकचा बादलीशी काही संबंध नाही.

धातूचे भाग भाराखाली कसे वागतील, हे संगणकावर आजमावणाऱ्या सिम्युलेशनमध्ये खरी मेख इथेच असते. कोणता बिंदू किती सरकला, यावरून प्रोग्रामला कळते ती एकूण विकृती, म्हणजे स्ट्रेन. स्ट्रेस, म्हणजे धातूच्या आतला ताण किंवा दाब, मात्र फक्त लवचिक भागातून येतो. म्हणून एकूण स्ट्रेनमधून बाकीचं वजा करायचं: तापून झालेलं प्रसरण, प्लास्टिक भाग, आणि तापलेला धातू भाराखाली तासन्‌तास ताणत जातो, तो क्रीप.

तापमानाचा हिशोब सोपा. पोलादाची १ मीटरची कांब १०० अंशांनी तापली, की सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. मोकळी असेल तर स्ट्रेस शून्य. दोन्ही टोकं जखडली तर? लांबी बदलतच नाही, एकूण स्ट्रेन शून्य. पण त्यातून प्रसरण वजा केलं, की हाती येतो जवळपास २४० मेगापास्कल दाब. साधं पोलाद २५० च्या आसपास कायमचं दबायला लागतं. कांब जागची हललेलीही नाही!

प्लास्टिक भाग मात्र आधी ठाऊकच नसतो. मग प्रोग्राम धरून चालतो, की ही अख्खी पायरी लवचिकच होती. स्ट्रेस मर्यादेबाहेर, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो त्या आकड्यापलीकडे गेला, की त्याला मर्यादेवर परत ओढायचं आणि तो फरक प्लास्टिकच्या खात्यात टाकायचा. मार्क विल्किन्स यांनी १९६४ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही वापरात आहे. त्यात वाकता वाकता धातू कडक होतो, म्हणजे मर्यादाही सरकते. मग गणित पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं.

विकृती मोठी असेल, तर साधी वजाबाकी पुरत नाही. तिथे लवचिक आणि प्लास्टिक भागांचा गुणाकार घेतात, आणि त्यात क्रम बदलून चालत नाही.

पुन्हा ती तार. टेबलावर पडली आहे, कुणाचा हात नाही. पडद्यावर तिचा छेद पाहा, स्ट्रेस तिथे रंगांनी दाखवलेला असतो: वाकवताना बाहेरचा जो थर ताणला गेला होता, तोच आता दाबाखाली आहे. भार शून्य झाला, रंग मात्र शून्यावर आलेले नाहीत.