प्लग घेणाऱ्याची गोष्ट

(ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका शाळेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. विषय: माजी हवाई दलप्रमुख अस्पी इंजिनिअर. वक्ते हवाई दलातून निवृत्त झालेले इंजिन फिटर आहेत.)

माइक थोडा लांब ठेवतो. इंजिनाच्या आवाजात नोकरी झाली की माणूस जन्मभर ओरडूनच बोलतो. घरच्यांची तक्रार आहेच, तुमची नको.

ही वस्तू पहिल्या रांगेपासून मागे फिरवा. बाहेर माझी जुनी चेतक स्कूटर उभी आहे, तिचा प्लग. आत्ताच गेटवर काढला. टोकाला काजळी दिसतेय ना? हात लावा, पण मग साडीला किंवा सदऱ्याला पुसू नका. पेट्रोल पेटवणारी ठिणगी पडते ती त्या बारीक फटीत. तिथे तेल आणि काजळी बसली की वीज सोपी वाट धरते, काजळीतूनच पळून जाते आणि ठिणगी पडतच नाही. इथल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकानं रस्त्याच्या कडेला स्कूटर आडवी करून बघितलीय, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासलाय. स्कूटर निदान ढकलता तरी येते. विमानाचं काय करणार?

डाकोटाला दोन इंजिनं. एका इंजिनाला 14 सिलिंडर, दर सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे विमानाला 56. नवीन होतो तेव्हा एक प्लग माझ्या हातून सिमेंटवर पडला. दिसायला धड होता, म्हणून फुंकर मारून बसवायला निघालो. सार्जंटनं मागून बघितलं होतं. पडलेला प्लग फेकायचाच, कारण आतल्या चिनीमातीला गेलेली चीर डोळ्याला दिसत नाही. त्यानंतर महिनाभर माझी काय शोभा झाली ते सांगत नाही, समोर मुलं बसलीत.

तर 1930 साल. इस्माइली पंथाचे धर्मगुरू आगाखान, त्यांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जो हिंदी माणूस इंग्लंड ते हिंदुस्थान, किंवा उलट, एकट्यानं विमान चालवत ठरलेल्या मुदतीत पहिला पोचेल त्याला. तिघे उतरले. मनमोहन सिंग (पंतप्रधान झाले ते नव्हेत), जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनिअर. तिघांचंही विमान जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, दोन मजली पंख, चालकाचं डोकं उघड्या वाऱ्यात, वेग आजच्या एखाद्या बऱ्या मोटारीइतका. रेडिओ नाही. खाली रेल्वेचा रूळ, नदी, किनारा दिसला तर त्याच्या कडेकडेनं जायचं. इराकच्या वाळवंटात तर टपालविमानांना वाट कळावी म्हणून ब्रिटिशांनी जमिनीवर चक्क नांगरानं चर काढून ठेवला होता.

मनमोहन सिंगांनी विमानाला नाव दिलं 'मिस इंडिया'. ते वाट चुकून परत फिरले, तेव्हा तिकडच्या एका विमानविषयक साप्ताहिकाच्या संपादकानं टोमणा मारला, की विमानाचं नाव मिस इंडिया आहे आणि हे गृहस्थ इंडिया मिस करणारसं दिसतंय! शेवटी ते पोचले, पण मुदत टळून गेली होती. हसू येतं खरं. पण हेच मनमोहन सिंग पुढे युद्धात उडत्या नावा, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, चालवत होते, आणि मार्च 1942 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरावर जपानी विमानांचा हल्ला झाला त्यात गेले.

राहिले दोघे. जेआरडी 25 वर्षांचे, कराचीहून निघालेले. अस्पी 17 वर्षांचा, लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघालेला. सतरा! आपल्याकडे त्या वयात गिअरची गाडी चालवायला देत नाहीत. आणि हा पोरगा त्याच वर्षी मार्चमध्ये आर. एन. चावलांच्या जोडीनं कराचीहून इंग्लंडला उडत गेलाही होता. आता एकटा परत निघाला.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर म्हणून हवाई तळ होता. जेआरडी तिथे उतरले तर दुसरी मॉथ उभी. अस्पी अडकून पडला होता, प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे सुटे प्लग त्याला दिले. पुढे अर्धा युरोप बाकी असताना, स्पर्धा चालू असताना, सुटे प्लग द्यायचे म्हणजे काय, हे आम्हा फिटर लोकांना विचारा. अस्पी कराचीला पोचला तेव्हा जेआरडी अजून क्रॉयडनच्या वाटेवर होते. बक्षीस अस्पीला.

इथपर्यंत गोष्ट सगळे सांगतात आणि इथेच थांबतात. परवा तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूला विचारलं. जेआरडी सगळ्यांना ठाऊक. अस्पी इंजिनिअर म्हटल्यावर एकजण म्हणाला, "फारुखचा भाऊ का?" क्रिकेटमधले यष्टिरक्षक फारुख इंजिनिअर वेगळे हो! माझं भांडण एवढंच आहे. प्लग देणारा लक्षात राहिला, घेणारा गेला कुठे?

घेणारा गेला हवाई दलात. त्या विजयानं त्याची वाट सोपी झाली, याचा आनंद जेआरडी स्वतः बोलून दाखवत. इंग्लंडात क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात शिक्षण, मग वायव्य सरहद्दीवर वझिरीस्तानात वापिती विमानांवर. वापिती म्हणजे तेव्हाच जुनाट झालेलं दुपंखी विमान. खाली डोंगर, डोंगरात बंदुका. त्या सरहद्दीवरच्या कामगिरीबद्दल त्यांना डीएफसी मिळालं, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक. धाकटे भाऊ मिनूसुद्धा डीएफसी. 1971 च्या युद्धात पश्चिम विभागाची हवाई आघाडी मिनूंच्या हाताखाली होती.

नोव्हेंबर 1960 मध्ये तेव्हाचे हवाई दलप्रमुख सुब्रोतो मुखर्जी टोकियोत अचानक गेले आणि अस्पी हवाई दलप्रमुख झाले. पुढच्याच वर्षी गोवामुक्ती. पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा बाँबफेकी विमानांनी गोव्यातल्या दाभोळीची धावपट्टी फोडली, ते यांच्याच कारकिर्दीत. मग 1962 चं चीनशी युद्ध. तेव्हा लढाऊ विमानं वापरलीच नाहीत आणि त्याचं खापर काही लोक त्यांच्यावर फोडतात. निर्णय दिल्लीत झाला होता. कलकत्त्यावर बाँब पडतील ही धास्ती होती. चीफनं टेबलावर मूठ आपटायला हवी होती, असं माझंही मत आहे, ते मी लपवत नाही. पण त्याच हवाई दलाच्या एएन-12 मालवाहू विमानांनी एएमएक्स रणगाडे लडाखमधल्या चुशूलला, सुमारे 14,000 फुटांवर, नेऊन उतरवले, हे का विसरायचं? विरळ हवेत इंजिन किती दम टाकतं ते ज्यानं ऐकलंय, तो त्या उड्डाणांना किरकोळ म्हणणार नाही. मिग-21 हे लढाऊ विमान आलं तेही त्यांच्याच काळात, 1963 मध्ये. परवा-परवा, सप्टेंबर 2025 मध्ये चंदीगडला ते निवृत्त झालं.

1964 मध्ये पायउतार झाल्यावर ते इराणला राजदूत म्हणून गेले. त्या किनाऱ्यावरूनच मॉथवाले कराचीची वाट धरत. 2002 मध्ये वारले, नव्वदीला टेकले होते.

आता प्रश्न विचारा. आणि तो प्लग कुठल्या रांगेत पोचलाय? मागे कोणी ठेवून घेऊ नका. त्याच्याशिवाय मला चरईपर्यंत स्कूटर ढकलत न्यावी लागेल.