दिसेनासा झालेला तारा

श्रोतेहो, नमस्कार.

जूनच्या ७-८ तारखेला आपण म्हणतो, "मृग लागला." बांधावर लाल मखमली मृगाचे किडे दिसू लागतात, पेरणीची लगबग सुरू होते. पण त्या दिवसांत रात्री आकाशात मृग शोधून पाहिलाय कधी? सापडायचा नाही. यात ढगांचा दोष नाही बरं का! सूर्यच तेव्हा त्या नक्षत्रात असतो, म्हणून मृग त्याच्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. म्हणजे आपला शेतकरी घड्याळ लावतो ते न दिसणाऱ्या नक्षत्रावर. मला तर याची फार गंमत वाटते.

प्राचीन इजिप्तमध्ये असाच एका ताऱ्याच्या लपंडावावर डोळा असे. तारा आपल्या ओळखीचाच, मृगावर बाण सोडणारा व्याध. रात्रीच्या आकाशातला हा सगळ्यांत तेजस्वी तारा. तिथले लोक त्याला सोपडेट म्हणत, आणि ती त्यांची देवी होती. वर्षातून सुमारे ७० दिवस व्याध सूर्याच्या तेजात बुडून जाई. मग एके पहाटे, सूर्योदयाच्या थोडं आधी, पूर्वेला क्षितिजालगत क्षणभर लुकलुके. त्याच सुमारास नाईलचं पाणी चढू लागे.

आता शेतकऱ्याची अडचण पाहा. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. पूर यायचा तो दूर इथिओपियाच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचा, काळा सुपीक गाळ घेऊन. ढगाकडे बघून अंदाज बांधायची सोयच नाही. मग तारा पाहायचा, बांध नीट करायचे, गुरं उंचावर न्यायची. व्याध दिसला की नवं वर्ष! मृतदेहाची ममी करण्याचा विधीही ७० दिवसांचाच. हा मेळ त्यांना ठाऊक होता.

रात्रीची वेळही ताऱ्यांवरच कळे. त्यासाठी त्यांनी ३६ तारकागट ठरवले होते. रात्रभर हे गट एकामागून एक उगवत, त्यावरून तास मोजायचे. दर १० दिवसांनी पहाटे नवा गट उगवताना दिसे. चार हजार वर्षांपूर्वीच्या काही शवपेट्यांच्या झाकणांवर आतून हे कोष्टक रंगवलेलं आहे. मेलेल्या माणसालासुद्धा किती वाजले ते कळायला हवं ना! रात्रीचे १२ तास आले ते तिथूनच.

ऑगस्टच्या मध्यावर कधी उघडीप मिळाली, तर पहाटे ५ वाजता गच्चीवर जा. पूर्व-आग्नेयेला, जरा खालीच, व्याध दिसेल.

नमस्कार.